‘महिला स्वयंसेवक’, ‘स्वयंसेविका’ आणि ‘उपाध्यायी’चा घोळ

प्रश्न : मुक्त ज्ञानकोशावर लिहिणाऱ्या आमच्या ऑनलाइन स्वयंसेवक गटात दर महिन्याला एका स्त्रीच्या कामाची ओळख करून द्यायची आहे. ‘महिला’ म्हणावे, ‘स्त्री’ की ‘भगिनी’? ‘महिला स्वयंसेवक’ बरोबर की ‘स्वयंसेविका’? ‘रणरागिणी’ हे सदराचे नाव कसे वाटते?

उत्तर : शेवटचे आधी निकालात काढू. ‘रणरागिणी’ नको. संस्कृतात ‘रागिणी’ म्हणजे रंगलेली, आसक्त; ज्या ‘रञ्ज्’ धातूपासून ‘रंग’ आला त्याच धातूपासून ‘राग’. म्हणजे रणरागिणी ही युद्धाची ओढ असलेली स्त्री. जिने वर्षभर संदर्भ तपासले, चुकीच्या तारखा दुरुस्त केल्या, नवख्यांच्या शंकांना उत्तरे दिली, तिचा रणाशी काय संबंध? हाच शब्द खेळाडूला, हाच पोलीस अधिकाऱ्याला, हाच मोर्चातल्या बाईला. सगळ्यांना लागू पडतो, म्हणून कुणाच्याही कामाबद्दल काही सांगत नाही. ‘नवदुर्गा’ आणि ‘हिरकणी’ यांनाही हेच लागू. हिरकणीची तर गोष्टच तान्ह्या बाळासाठी कडा उतरणाऱ्या आईची आहे. ज्ञानकोशातले वर्गीकरण लावणाऱ्या स्त्रीला ते नाव देताना ती आई आहे असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

‘भगिनी’ही नको. पुरुष सदस्याची ओळख ‘आपले बंधू’ अशी कुणी करून देत नाही, मग स्त्रीला न विचारता नात्यात का ओढायचे?

‘महिला’ आणि ‘स्त्री’ दोन्ही चालतात. ‘महिला’ हा ‘मही’ म्हणजे पृथ्वीवरून आला, असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. उणादिसूत्रांप्रमाणे, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनले ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत सूत्रांप्रमाणे, ‘मह्’ (पूजणे) या धातूला ‘इलच्’ प्रत्यय लागून ‘महिला’ होतो. हाच प्रत्यय ‘सलिल’ आणि ‘अनिल’मध्ये आहे. ‘स्त्री’बद्दल यास्कांनी निरुक्त या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात लाजण्याच्या अर्थाचा ‘स्त्यै’ धातू पुढे केला. मला ती व्युत्पत्ती मुळीच पटत नाही. आधी स्वभाव ठरवला आणि मग त्याला धातू शोधला, असा तो प्रकार आहे. आजच्या मराठीत ‘स्त्री’ला लाज चिकटलेली नाही, तो शब्द निर्धास्त वापरा. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात एकाच श्लोकात ‘अबला’, ‘वामा’, ‘वनिता’ आणि ‘महिला’ शेजारी बसले आहेत, म्हणून ते अदलाबदलीचे होत नाहीत. ‘अबला ते सबला’ असले मथळे तर कायमचे बंद करावेत. दुबळेपणाचा उल्लेखही नसलेल्या ठिकाणी तो आधी आणायचा आणि मग तो दूर झाल्याबद्दल अभिनंदन करायचे, हा कसला गौरव?

आता खरा मुद्दा. कानाला सगळ्यात जास्त टोचते ते पदाआधी डकवलेले ‘महिला’ : महिला संपादक, महिला प्रचालक (ज्ञानकोशाची देखरेख करणारा सदस्य), महिला प्रोग्रामर. यातून ऐकू येते ते असे की संपादक ही मूळ जात आणि ही तिची पोटजात. हे केवळ कानाचे दुखणे नाही. एप्रिल २०१३मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून स्त्रियांची नावे काढून ‘अमेरिकन महिला कादंबरीकार’ या उपवर्गात हलवली जात असल्याचे एका लेखिकेने वृत्तपत्रात लिहून उघड केले आणि मोठा वाद झाला. पुरुषांची नावे मात्र मूळ वर्गात राहत होती. विशेषणाने हाकलून देणे ते हेच. तुमच्या गटात ‘उत्कृष्ट संपादक’ आणि ‘उत्कृष्ट महिला संपादक’ अशा दोन याद्या असतील, तर पहिल्या यादीत किती स्त्रिया उरल्या ते मोजा. ओळख दोन्हीकडे हवी : मूळ यादीत नाव आणि वर हे सदर.

मग ‘स्वयंसेविका’? हो. आणि हा शब्द का चांगला, ते सांगताना मला आपल्या जुन्या व्याकरणातली सर्वांत देखणी जागा दाखवायची आहे.

संस्कृत व्याकरण स्त्रीवाचक नाम दोन वाटांनी बनवते. एक वाट ‘स्वतः’ची, म्हणजे ते काम ती स्वतः करते. दुसरी ‘पुंयोगा’ची, म्हणजे ते काम तिचा नवरा करतो आणि नाव तिला मिळते. पाणिनीचे सूत्रच आहे, ‘पुंयोगादाख्यायाम्’ (४.१.४८). स्वतः शिकवणारी ती ‘आचार्या’, आचार्यांची बायको ती ‘आचार्यानी’. अमरकोश हे दोन्ही शब्द अगदी ‘स्वतः’ आणि ‘पुंयोगे’ अशी खूण करून वेगळे नोंदवतो. पतंजलींनी ‘उपाध्याया’ या शब्दाची फोड दिली आहे : जिच्यापाशी जाऊन शिकतात ती. त्यांच्या महाभाष्यातच, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, ‘काशकृत्स्ना ब्राह्मणी’ येते, काशकृत्स्नि या आचार्यांची मीमांसा शिकणारी. विदुषीला तिच्या अभ्यासाचे नाव! यापेक्षा आदराचा शब्द तो काय असणार?

घोळ आहे तो ‘उपाध्यायी’चा. अमरकोशात ती स्वतः शिकवणारीही आहे आणि उपाध्यायांची बायकोही. ईकारान्त रूपात दोन्ही वाटा एकत्र येतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही. मराठीचा ‘ईण’ नेमका या दुहेरी वळणावर बसला आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. शिंपीण म्हणजे बायको, किंवा स्वतः शिवणारी. मास्तरीण, डॉक्टरीण, वकिलीण यांचेही तेच. ‘डॉक्टरीणबाई’ ऐकल्यावर ‘म्हणजे डॉक्टरांची बायको की स्वतः?’ असा प्रश्न मराठी माणूस आजही विचारतो. माझे ठाम मत आहे की ‘ईण’ आज गावंढळ वाटतो याचे कारण हेच. त्यातला पुंयोग कानाला जाणवतो. ‘ईण’ बोलीतला आहे म्हणून हलका ठरला, असे सांगणाऱ्यांनी ‘वाघीण’ आणि ‘मैत्रीण’ यांना कुणी हलके का मानत नाही, याचे उत्तर द्यावे.

याउलट ‘इका’ पाहा. ‘सेवक’, ‘लेखक’, ‘संपादक’ यांतला ‘अक’ हा करणाऱ्याचा प्रत्यय. स्त्रीलिंगी ‘आ’ लागताना या ‘क’च्या आधीच्या ‘अ’चा ‘इ’ होतो (सूत्र ७.३.४४), म्हणून लेखका न होता लेखिका. प्रत्ययच करणाऱ्याचा असल्यामुळे आजच्या मराठीत पुंयोगाला फट सापडत नाही. लेखकाच्या बायकोला कुणीही कधी ‘लेखिका’ म्हटलेले नाही! ‘स्वयंसेविका’ म्हणजे स्वतःहून सेवा करणारी, दुसरा अर्थच नाही. संपादिका, अनुवादिका, समन्वयिका, प्रचालिका ही रूपेही याच नियमाने निर्दोष आहेत.

नियम कुठे चालत नाही, तेही सांगायला हवे. ‘क’ प्रत्ययाचा असला पाहिजे. पत्रकार, चित्रकार, छायाचित्रकार यांतला ‘क’ ‘कृ’ धातूचा आहे, तिथे ‘इ’ घुसवू नये. तज्ज्ञ, सदस्य, अध्यक्ष, प्रमुख हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. ‘अध्यक्षा’, ‘सदस्या’ व्याकरणाने चुकत नाहीत, पण ‘त्या अध्यक्ष आहेत’ या वाक्यात सर्वनामाने काम आधीच केलेले असते. प्रत्येक पदाला स्त्रीलिंगी शेपूट हवेच, असे म्हणणारे आणि ‘लेखिका’सुद्धा टाकून द्या म्हणणारे, दोघेही भाषेपेक्षा स्वतःचा नियम मोठा मानतात. एखादीला ‘संपादक’च म्हणवून घ्यायचे असेल, तर तिचा शब्द शेवटचा.

पुंयोग फक्त शब्दात नसतो, वाक्यातही असतो. ‘अमुक यांच्या पत्नी’, ‘घरसंसार सांभाळून’, ‘पतीच्या पाठिंब्याने’ हा सगळा वाक्यातला ‘आचार्यानी’ आहे. विज्ञानपत्रकार अ‍ॅन फिंकबाइनर यांच्या नावाने २०१३पासून एक कसोटी ओळखली जाते : शास्त्रज्ञ स्त्रीवर लिहिताना ती स्त्री आहे हे, तिच्या नवऱ्याची नोकरी, मुलांची सोय, ‘पहिली महिला’ असणे, इतर स्त्रियांसाठी आदर्श असणे, यांतले काहीही आणायचे नाही. तुमचे सदरच स्त्रियांचे असल्याने पहिली अट शीर्षकापुरती सैल होईल, बाकीच्या तशाच पाळा. कच्चा मजकूर तयार झाला की नाव बदलून पुरुषाचे घाला आणि मोठ्याने वाचा. जे वाक्य विचित्र वाटेल ते काढा. त्याच वेळी नावेही तपासा : पुरुष ‘जोशी सर’ आणि स्त्री ‘मीनाताई’ असे होत असेल, तर एकाला आडनावाचा मान मिळतो आणि दुसरीला घरगुती लाड. दोघांनाही पूर्ण नाव किंवा दोघांनाही सदस्यनाव द्या. ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘कुमारी’ यांची गरजच नाही. मराठीत ‘श्रीमती’वरून अनेक जण वैधव्याचा तर्क करतात.

प्रसिद्ध करण्याआधी तिला मजकूर दाखवा. खरे नाव, छायाचित्र, गाव आणि नोकरी या चारही गोष्टींना वेगवेगळी परवानगी घ्या, कारण टोपणनावाने काम करणारीला त्यातली एकच गोष्टही उघडी पाडू शकते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या पसंतीक्रमात (प्रेफरन्सेस) सदस्याला आपला उल्लेख कोणत्या लिंगाने व्हावा ते निवडता येते. मूळ मांडणी तटस्थ असते आणि निवड केली तर ती सार्वजनिक असते. तिथे काही निवडलेले नसेल तर नावावरून अंदाज बांधू नका. अशा वेळी मराठीचा कर्मणी प्रयोग मदतीला येतो, कारण त्यात क्रियापद कर्त्याच्या मागे न जाता कर्माच्या मागे जाते. ‘यांनी लेख तपासले’, ‘यांनी यादी पूर्ण केली’, ‘यांनी वर्गीकरण लावले’ : तीन वाक्ये झाली, काम नेमके सांगितले, आणि लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कुठेच ठरवावे लागले नाही.