सेकंडहँड वायझेड २५० खालून अडखळते आणि मागून लाथ मारते, तर जेटिंग-सस्पेन्शन कुठून सुरू करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००७ ची यामाहा वायझेड २५० (मातीच्या ट्रॅकवरची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी), तुम्ही तिसरे मालक, वजन ८४ किलो, राहणं पुण्याजवळ. हळू गॅसवर गाडी बर्रबर्र करत अडखळते, अर्ध्यावर गेलं की एकदम झेपावते. प्लग काळा आणि ओला निघतो. खडबडीत जागी मागचं चाक लाथ मारतं, पुढून मनगटाला झटके बसतात. तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) कितीचा टाकू आणि सस्पेन्शनचे क्लिकर (कडक-मऊ करायचे स्क्रू) कितीवर ठेवू?

नंबर सांगतो, पण ते जसेच्या तसे घालू नका. माझ्या मित्राच्या वायझेडमध्ये १७८ चा मेन आणि ५० चा पायलट होता. साताऱ्याला खाणीतल्या मुरमाच्या ट्रॅकवर चार रविवार घालवून आम्ही १७२ आणि ४५ वर थांबलो. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मेन जेटचा संबंध मला दिसत नाही. मेन जेटचं राज्य साधारण पाऊण गॅसच्या पुढे सुरू होतं. त्याच्या खाली निडल (कार्बमधली वर-खाली होणारी निमुळती सुई), आणि अगदी खाली, म्हणजे पाव गॅसपर्यंत, पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा (गॅस दिला की वर उचलणाऱ्या झडपेचा) कट. तुमची तक्रार तर तळातलीच आहे.

व्हाइटनरचं पेन घ्या. ग्रिपवर एक रेघ आणि समोर हाउसिंगवर चार रेघा मारा: बंद, पाव, अर्धा, पाऊण. पुढच्या वेळी गाडी अडखळली की कुठल्या रेघेवर अडखळली ते बघा. दहा रुपयांचं काम आहे, पण याच्याशिवाय केलेलं जेटिंग (जेट बदलून हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) म्हणजे अंधारात दगड मारणं.

त्याआधी गाडी जेटिंग करण्याच्या लायकीची आहे का ते बघावं लागेल. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. कॉलेजात असताना माझी यामाहा आरएक्स हंग मारायची, म्हणजे गॅस सोडला तरी आरपीएम हळूहळू उतरायचे. मेकॅनिक म्हणाला जेट मोठा टाका. टाकला, आठवडाभर बरी चालली आणि मग सीझ, म्हणजे पिस्टन अडकून इंजिन जाम. उघडली तर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. दोष होता मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलमध्ये. तिथून क्रँककेसमध्ये फुकटची हवा शिरत होती.

तुमच्याकडे लक्षण उलटं आहे, पण संशयित त्याच घरातले. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. प्लग काळा-ओला होतो, धूर पांढरट आणि जड येतो, आणि गिअर ऑइलची पातळी महिन्या-दोन महिन्यांत कमी झालेली दिसते. ती आधी तपासा. मग कार्बच्या मागची रीड (पातळ पाकळ्यांची एकतर्फी झडप) काढून उजेडासमोर धरा. पाकळीचा कोपरा उडालेला असेल किंवा फटीतून उजेड दिसत असेल तर खालचा पिकअप गेलाच म्हणून समजा.

सील तपासायला आम्ही बीपी मोजायचं यंत्र वापरतो. एक्झॉस्टवर रबराचा पत्रा कसायचा, इनटेकच्या रबरात बूच ठोकायचं, जुन्या प्लगला आरपार भोक पाडून त्यातून नळी आत घ्यायची आणि पिस्टन खाली ठेवून पंप करायचा. काटा ३०० वर गेला म्हणजे सहा पीएसआयच्या जवळ आलात. सहा मिनिटं तिथे किंवा त्याच्या आसपास टिकला पाहिजे. भरभर उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. गॅरेजवाले चालू इंजिनवर स्प्रे मारून गळती शोधतात. ते मी करत नाही, तापलेल्या सायलेन्सरजवळ पेटणारी वस्तू उडवायची माझी हिंमत नाही.

दुसरा संशयित म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह. खालून मेलेली आणि मग एकदम झेपावणारी गाडी म्हटलं की माझं बोट आधी तिकडे जातं. हा व्हॉल्व्ह कमी आरपीएमला एक्झॉस्ट पोर्ट खाली ठेवतो आणि वाढल्यावर वर उचलतो. कार्बन साचून तो उघडाच अडकला तर तळातली ताकद नाहीशी होते. तीन मालकांत तो कुणी साफ केला असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर कार्ब खोला. आपल्याकडे जेट साफ करायला क्लच केबलची तार आत घालून फिरवायची पद्धत आहे. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि वर १७८ लिहिलेला जेट प्रत्यक्षात किती झालाय हे देवालाच ठाऊक. म्हणून मेन आणि पायलट दोन्ही नवे घ्या, विश्वासाच्या ठिकाणाहून. फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाची) उंची मॅन्युअलप्रमाणे लावा. चोकच्या दट्ट्याखालचं रबर फुगलं असेल तर चोक कायम थोडा उघडा राहतो आणि गाडी नेमकी तुमच्यासारखी काळी-ओली चालते.

आता खरं जेटिंग, खालून वर. गाडी चांगली तापू द्या. या कार्बचा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण पातळ होतं. आत पूर्ण बसवून दीड फेरा बाहेर काढा, मग पाव-पाव फेरा फिरवत आयडल सगळ्यात वर जातो ती जागा शोधा. ती एक ते अडीच फेऱ्यांत सापडली तर पायलट बरोबर. अडीचच्या पुढे जावं लागलं तर पायलट मोठा आहे, एक नंबर उतरा. एकच्या आत आली तर लहान आहे. मला वाटतं तुम्ही अडीचच्या पलीकडे जाल.

मधल्या गॅसला निडलची क्लिप. क्लिप वरच्या खाचेत टाकली की निडल खाली उतरते, मिश्रण पातळ होतं. खालच्या खाचेत उलटं. पहिल्यांदा सगळे इथे गोंधळतात, मीही गोंधळलो होतो. घट्ट (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणाचा आवाज बर्रबर्र, एक स्फोट चुकवून दुसरा झाल्यासारखा. पातळ मिश्रणाचा आवाज पोकळ, गाडी ‘ब्वाऽ’ करून श्वास अडकल्यासारखी थांबते आणि मग धावते. कान एकदा तयार झाला की प्लग बघायची गरज कमी पडते.

मेन सगळ्यात शेवटी, आणि नेहमी मोठ्याकडून लहानाकडे. नवा प्लग लावायचा, लांब सरळ पट्ट्यावर फुल गॅस, मग त्याच क्षणी किल स्विच आणि क्लच. प्लगच्या पांढऱ्या मातीच्या अगदी बुडाशी तपकिरी कडं दिसलं पाहिजे. आयडलवर फटफटत परत आलेल्या गाडीचा प्लग काढून मेनबद्दल मत देणाऱ्याचं ऐकू नका.

जिथे इंजिनं जातात ती जागा आता सांगतो. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत अगदी काठावर बसवलेलं जेटिंग डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत चालत नाही. थंड हवा साधारण दहा टक्क्यांनी दाट असते, म्हणजे तेवढंच मिश्रण पातळ, आणि पातळ चालणारी टू-स्ट्रोक कुरकुर करत नाही. उलट जाम होण्याआधीची पाच मिनिटं ती सगळ्यात झकास पळते. पुण्याहून, म्हणजे ५६० मीटरवरून, महाबळेश्वरच्या बाजूला तेराशेच्या वर गेलात तर गाडी घट्ट वाटेल, त्यात धोका नाही. टेम्पोत टाकून कोकणात उतरलात तर मात्र एक नंबर मोठा मेन बरोबर ठेवा. लांब उतारावर गॅस पूर्ण बंद ठेवून घरंगळू नका. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, गॅस बंद म्हणजे ऑइलही बंद. मधूनमधून क्लच दाबून गॅसची एक फुरकी द्या.

ऑइल लिटरला ३० मिली घालत असाल तर तेच धरून ठेवा. ‘सेफ्टी’ म्हणून ५० केलंत तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाईल आणि मिश्रण उलट पातळ होईल. पंपावरचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलही त्याच दिशेला ढकलतं, कारण त्याला जास्त इंधन लागतं. साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरते, याला साडेतेराच्या आसपास. म्हणून जुने परदेशी तक्ते बघून लहान जेट टाकताना हात आखडता ठेवा. आणि कालवलेलं पेट्रोल महिनाभर कॅनमध्ये ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं.

सस्पेन्शनकडे वळायला मी मुद्दाम उशीर केला. खालून अडखळून एकदम झेपावणाऱ्या गाडीवर माणूस हँडलला लटकतो, कोपरं ताठ होतात, आणि ताठ हातांना प्रत्येक दगड लागतो. मित्राच्या गाडीचा पायलट उतरवल्यावर ‘पुढचे शॉकअप मऊ केलेस का?’ असं त्याने विचारलं होतं. मी हातही लावला नव्हता.

मागच्या लाथेसाठी आधी लिंकेज (मागच्या शॉकअपला चाकाशी जोडणारे सांधे) खोला. पावसाळ्यात प्रेशर वॉशरने धुतलेल्या गाडीत तिथली नीडल बेअरिंगं गंजून तांबडी भुकटी झालेली असतात. स्प्रिंग आणि क्लिकर कितीही भारी असोत, सांधाच हलत नसेल तर काय होणार? पुढे एक फुकटची युक्ती: ॲक्सलच्या खालचे पिंच बोल्ट ढिले करा, ब्रेक दाबून पुढचं सस्पेन्शन पाच-सहा वेळा जोरात दाबा, मग बोल्ट आवळा. पुढच्या सस्पेन्शनच्या दोन्ही नळ्या समांतर बसतात आणि घासणं कमी होतं. चाक उचलून वरचे हवेचे स्क्रूही उघडून बंद करा. सील पाझरत असेल तर जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून ओठाखालून फिरवा. अर्ध्या वेळेला नुसती माती अडकलेली असते.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत. ॲक्सलपासून बरोबर वर मडगार्डवर खूण करून मोजा, समजा ६२० मिमी. बूट-हेल्मेट घालून बसा, दुसऱ्याने गाडी सावरावी, तिसऱ्याने मोजावं. ५२० च्या आसपास, म्हणजे शंभर मिमी बसली पाहिजे. नाही बसली तर मागच्या स्प्रिंगवरची रिंग फिरवा. आता उतरा आणि नुसत्या गाडीच्या वजनाने किती बसते ते मोजा. ३० ते ४० असेल तर स्प्रिंग तुमची आहे. १५ वगैरे आलं तर लोक म्हणतात स्प्रिंग कडक आहे, पण तसं नाही. ती मऊ आहे, म्हणून शंभर गाठायला तुम्हाला ती आधीच आवळून ठेवावी लागली. कंपनीची स्प्रिंग साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या चालकासाठी असते. ८४ किलोला तुम्ही या मऊ स्प्रिंगच्या बाजूलाच निघाल असा माझा अंदाज.

क्लिकर शेवटी. सगळे आत फिरवून क्लिक मोजा, वहीत लिहा, मग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. एका वेळी एकच, दोन क्लिक. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी पहिल्याला ठीक आणि चौथ्याला दगडासारखी होत असेल तर रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत उघडणं) हळू आहे. चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि सस्पेन्शन दबत-दबत बसतं. लोक इथे कॉम्प्रेशन (दबतानाचा अडथळा) मऊ करतात, त्याने ते आणखी बसतं. उलट उडीच्या चढावर मागचं चाक फेकत असेल तर रिबाउंड फार जलद आहे, दोन क्लिक आत घ्या. पुढच्या नळीला एक झिप-टाय बांधून ठेवा, प्रवास किती वापरला ते फेरीनंतर कळतं. तीनशे मिमीपैकी शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर फक्त मोठ्या उडीला लागले पाहिजेत.

आधी गिअर ऑइलची पातळी आणि लिंकेजची बेअरिंगं बघून मला कळवा. बेअरिंगं तांबडी निघाली तर स्प्रिंगवर आत्ताच पैसे घालू नका.