फायरवॉल बोलतोय, पण कळत नाही

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी एक सेकंडहँड फायरवॉल (इंटरनेटवरून काय येतं-जातं ते तपासणारा बॉक्स) घेतला. आधीच्या मालकाने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलून ठेवलाय, त्यामुळे ब्राउजरमधून काहीच उघडत नाही. म्हणून निळी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट बॉक्सला जोडणारी) लावली, पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये स्पीड ९६०० (सेकंदाला इतके बिट) टाकलं, तर स्क्रीनवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं! केबल खराब आहे की बॉक्सच गेलाय? — एक वाचक, मिरज

उत्तर : बहुतेक दोन्ही नाही. कचरा दिसतोय ही खरं तर चांगली बातमी, म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय, बॉक्स जिवंत आहे, फक्त दोघांचा स्पीड जुळत नाहीये. स्क्रीन कोरीच राहिली असती तर केबल, ड्रायव्हर, चुकीचा कॉम पोर्ट (लॅपटॉपने केबलला दिलेला क्रमांक), सगळंच शोधत बसावं लागलं असतं.

सिस्को एएसए, फोर्टिगेट असे बरेच बॉक्स कंपनीतून ९६०० वर येतात, जोडणीची बाकी सेटिंग अशी : डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. पण बऱ्याच बॉक्समध्ये हा स्पीड सेटिंगमधून बदलता येतो आणि रीस्टार्ट केलं तरी तसाच राहतो, तेव्हा आधीच्या मालकाने कंटाळून ११५२०० केला असेल तर तुम्हाला कसं कळणार. आधी ११५२०० टाकून बघा, मग ३८४००, १९२००, ५७६००. प्रत्येक वेळी स्पीड बदलून एंटर दोन-तीनदा दाबायचं, कारण बॉक्स आपणहून काही बोलेलच असं नाही. जमलं तर पॉवर बंद-चालू करून बूट होताना बघा, तेव्हा भरपूर मजकूर येतो. काही बॉक्समध्ये सुरुवातीचा भाग एका स्पीडवर आणि पुढचं दुसऱ्यावर असतं, तेव्हा आधी कचरा आणि मग छान अक्षरं आली तर घाबरू नका.

आता पुढची अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण यात माझी अख्खी दुपार गेलीय. लॉगिन लिहून आलं, स्वच्छ अक्षरात, आणि मी टाइप करतोय तर एक अक्षर उमटेना! कीबोर्ड बदलला, केबल बदलली. शेवटी निघालं काय, तर फ्लो कंट्रोल (कोणी कधी पाठवायचं ते ठरवणारं सेटिंग) हार्डवेअरवर होता, लॅपटॉप समोरून परवानगीची वाट बघत बसलेला आणि ती कधी येणारच नव्हती. पुट्टीमध्ये हे आपोआप एक्सऑन-एक्सऑफ या दुसऱ्या प्रकारावर असतं, ते 'नन' (काहीच नाही) करून टाका.

९६०० वर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात (एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट), म्हणून मोठं कॉन्फिग (सेटिंगच्या ओळींची यादी) पेस्ट करायचं असेल तर थोडं थोडं करा, नाहीतर मधल्या ओळी गायब होतात आणि नियम अर्धवट लागतात. टेरा टर्म (पुट्टीसारखाच प्रोग्राम) वापरत असाल तर प्रत्येक ओळीनंतर थोडा डिले देता येतो. आत गेल्यावर स्पीड पुन्हा ९६०० करायचा असेल तर खुशाल करा, फक्त एंटर मारताच परत कचरा सुरू होईल, मग आपल्या बाजूलाही लगेच बदला.

आणि काम झालं की लॉगआउट करूनच केबल काढा. बऱ्याच बॉक्सना केबल निघाल्याचं कळतच नाही, टाइमआउट होईपर्यंत सेशन उघडंच राहतं, पुढचा माणूस केबल लावतो आणि पासवर्ड न विचारता थेट अॅडमिन!