घड्याळ अचानक पळायला लागलं तर

प्रश्न: बाबांचं एचएमटी जनता मी रोज सकाळी चावी देऊन वापरतो, आतापर्यंत फार तर अर्धा मिनिट मागेपुढे व्हायचं. पंधरा दिवसांपासून मात्र रोज आठ-दहा मिनिटं पुढे जातंय, मी प्लॅटफॉर्मवर लोकलच्या आधी उगाच जाऊन उभा. घड्याळवाला म्हणतो हेअरस्प्रिंग बदला, मित्र म्हणतो लोहचुंबकाचा प्रकार आहे. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मित्राला एक कटिंग पाजा, बहुतेक त्याचंच बरोबर आहे. तेल सुकलं की घड्याळ सहसा मागे पडतं नाहीतर बंद पडतं, असं एकदम पळत सुटत नाही. आतली हेअरस्प्रिंग म्हणजे डासांच्या कॉइलसारखी गुंडाळलेली केसाएवढी तार, तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाचा वेग ठरवणारं मागेपुढे झुलणारं चाक, भराभर हलायला लागतं.

साधं होकायंत्र घ्या (कंपासपेटीत ते नसतं, नाव काहीही असो!) आणि घड्याळ हळूच जवळ न्या. सुई थरथरली किंवा झटकन वळली तर संशय पक्का. मग डीमॅग्नेटायझर, चुंबकत्व काढून टाकणारी ती छोटी निळी डबी. बटण दाबून घड्याळ वर धरायचं, सावकाश हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं, जवळ असतानाच सोडलंत तर केलेलं सगळं फुकट, चुंबकत्व परत बसू शकतं. मिनिटभराचं काम, घड्याळ उघडावंही लागत नाही.

आता हे झालं कुठे? रात्री घड्याळ कुठे काढून ठेवता ते बघा. ब्लूटूथ स्पीकरवर, फ्लॅपवाल्या मोबाइल कव्हरवर, लॅपटॉपच्या कडेला? चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार पटकन कमी होतो, त्यामुळे वीतभर लांब ठेवलंत तरी पुरे. १९५६ च्या रोलेक्स मिलगॉसमध्ये मशीनभोवती मऊ लोखंडाचं कवच घालून १,००० गॉसपर्यंत (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) तग धरायची सोय केली होती, ओमेगाने २०१३ मध्ये चुंबक लागतच नाही अशा धातूंचे भाग आणि सिलिकॉनची स्प्रिंग वापरून १५,००० च्या पुढे मजल मारली. आपल्या जनताला असलं काही नाही, तिची काळजी आपणच घ्यायची.

डीमॅग्नेटाइझ केल्यावर आठवडाभर मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. तरीही पळत असेल तर मग खुशाल उघडायला द्या, पण स्प्रिंग बदलायच्या आधी जुनी तुमच्यासमोर दाखवायला सांगा.