गोलसमोरची जागा कोणी सांभाळावी?

प्रश्न : आम्ही सहा मित्र ऑनलाइन आइस हॉकीच्या व्हिडिओ गेममध्ये एकाच संघातून खेळतो. पक (खेळातली रबरी चकती) आमच्या क्षेत्रात आला, की सगळेच त्याच्यामागे धावतात आणि गोल होतो. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पक कोपऱ्यात गेल्यावर एकाच बचावपटूने त्यावर जावे, दुसऱ्याने गोलसमोरून हलू नये आणि सेंटरने (मधल्या आक्रमकाने) या दोघांच्या मध्ये राहून मदतीस तयार असावे, विंगरनी (दोन्ही कडांच्या आक्रमकांनी) मात्र आपल्या क्षेत्राच्या हद्दीवरील निळ्या रेषेजवळच्या प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवत, मधल्या भागाकडे थोडे सरकून, पासची वाट अडवावी. गोलसमोरून आडवा दिलेला पास सर्वांत घातक, कारण गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकेपर्यंत निम्मे जाळे उघडे पडते. म्हणून तिथल्या बचावपटूने पककडे टक लावून न पाहता आपली स्टिक त्या वाटेत धरावी. धडक देण्याचा मोह आवरलेला बरा. ती हुकली, की तुमचा खेळाडू बाजूला फेकला जातो आणि समोरच्याला मोकळे रान मिळते. हेडसेटवर “मी जातो” एवढे एकानेच वेळेवर सांगितले, तरी बाकीचे जागा सोडणार नाहीत. हे मला डावपेचांहूनही महत्त्वाचे वाटते.