थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा किती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, तरी थकवा जात नाही. म्हणून सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळून अश्वगंधा चूर्ण आणलं, मेडिकलमधून कॅप्सूलही आणल्या, आता प्रमाण हवंय. माझं स्पष्ट मत: टीएसएच (थायरॉइड मंद असला की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासून डॉक्टरांशी बोलेपर्यंत चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही बंद ठेवा.

अश्वगंधा थायरॉइडवर परिणाम करू शकते, अडचण तिथेच आहे. टीएसएच थोडा वाढलेल्या ५० जणांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम, ८ आठवडे दिला; टीएसएच उतरला, टी३-टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स वाढली. अभ्यास छोटा आहे, पण त्यावर गोळीची भर पडली तर हार्मोन गरजेपेक्षा जास्त होऊ शकतं: धडधड, हात थरथरणे, घाम, झोप उडणे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे सगळं उन्हावर ढकललं जातं आणि तपासणी राहून जाते.

प्रमाणाचा घोळ चूर्ण आणि अर्क यांत होतो. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. अभ्यासांतला अर्क बहुधा ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. अर्क घट्ट केलेला असतो. ५ टक्के विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतली मुख्य क्रियाशील द्रव्यं) लिहिलं असेल तर ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते १५ मिलिग्रॅम. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका आणि दोन्ही मिळून तर घेऊच नका. चूर्ण चमच्याने मोजलं की सपाट आणि शीग यांत दुपटीचा फरक पडतो, छोटा वजनकाटा वापरा. पाकिटावर फक्त मूळ लिहिलेलं असावं. पानं वापरू नयेत असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना कळवलं होतं.

यकृताला इजा क्वचित होते, पण होते. बहुतेक वेळा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत. अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे दिसले की लगेच बंद करून यकृताची तपासणी करा. गरोदरपणात, थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असताना किंवा यकृताचा आजार असताना घेऊच नका. झोपेच्या, साखरेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

त्याआधी गोळी नीट लागू पडतेय का ते बघा. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एका तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान २ दिवस बंद. नाहीतर टीएसएच खोटा कमी दिसू शकतो आणि गोळी विनाकारण कमी केली जाते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ सुद्धा बघा. थकव्याचं कारण बऱ्याचदा तिथे सापडतं आणि अश्वगंधेची गरजच उरत नाही.

डॉक्टर हो म्हणालेच, तर एकच प्रकार निवडा: अर्क ३०० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एकदा. सुरू करण्याआधी टीएसएच, फ्री टी४ आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी). ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा. अभ्यास बहुतेक ८ ते १२ आठवड्यांचेच आहेत, त्यापुढे रेटू नका. बरं वाटलं म्हणून थायरॉइडची गोळी स्वतःहून कमी करू नका. सिव्हिलला दाखवा किंवा खासगीत, जाताना चूर्णाची पुडी आणि कॅप्सूलची डबी सोबत न्या. नुसतं ‘आयुर्वेदिक घेते’ म्हटल्यावर डॉक्टरांना मात्रा कळत नाही.