कोकणात राहतो, रोज संध्याकाळी अर्धा तास फिरतो, पण मोबाइलवर फोटो काढावा असं काही दिसतच नाही. काय करावं?

तुम्ही गुहागरजवळ राहता, मोबाइल साधा आहे, आणि सूर्यास्ताचे फोटो काढून काढून आता तुमचाच तुम्हाला कंटाळा आलाय, असं प्रश्नात लिहिलंय. मी रत्नागिरीत भाट्याच्या पुलापलीकडे राहते. माझ्या मोबाइलमध्येही असेच तीनेकशे सूर्य बुडालेले होते. एके दिवशी सगळे पुसले.

तेव्हा पहिलं काम: समुद्राकडे पाठ करा आणि खाली बघा.

दुसरं, भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघून बाहेर पडा. आपल्या किनाऱ्यावर चालणारा जुना हिशेब तुम्हाला कदाचित माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि सव्वानऊच्या सुमाराला ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरा, खाडीत आत तर आणखी फरक पडतो. आता हाच हिशेब पौर्णिमा-अमावास्येला लावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास. उधाणाची ओहोटी, पाणी सगळ्यात लांब गेलेलं, आणि ते नेमकं संध्याकाळच्या तिरप्या सोनेरी उन्हात. अष्टमीला उलट. संध्याकाळी सहाला भरती, तीही भांगाची, पाणी ना धड चढत ना धड उतरत. त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊच नका, वाडीतल्या पाणंदीने चाला. रोज त्याच वेळी त्याच जागी गेल्यामुळे तुम्हाला सगळं सारखं वाटतंय असा माझा संशय आहे. वेळ तीच असली तरी पाणी रोज पाऊण तास सरकतं ना.

ओहोटीला खाडीच्या चिखलाच्या कडेला जाऊन बसा. उभं राहायचं नाही, उकिडवं बसायचं. आधी नुसती भोकं दिसतात, कारण तुमची सावली पडताच सगळे खेकडे आत गेलेले असतात. पाच मिनिटं काही होत नाही. मग एका भोकातून दोन डोळे वर येतात, देठावर बसवल्यासारखे. मग अर्धं अंग. मग जरा थांबून पूर्ण बाहेर. बोटाच्या पेराएवढा जीव, पण एक डेंगा, म्हणजे नांगी, जवळजवळ अंगाएवढा. हा नर. तो मोठा डेंगा वरखाली हलवून तो माद्यांना बोलावतो आणि शेजारच्या नराला दम देतो. खाण्यासाठी त्याच्याकडे उरतो एकच छोटा डेंगा, त्याने तो चिखल उचलून तोंडात घालत राहतो. मादीचे दोन्ही छोटे, त्यामुळे तिचं जेवण दोन्ही हातांनी. हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं त्या दिवशी फोटो एकच काढला, तोही हललेला. तरी तोच मला सगळ्यात आवडतो.

तिथेच निवट्या सापडतील. मासा असून चिखलावर पंखांच्या जोरावर सरपटणाऱ्या, डोळे थेट डोक्यावर. आमच्याकडे त्यांचं कालवणही होतं, त्यामुळे फोटो दाखवला की घरात आधी तोच विषय निघतो. बाजूच्या तिवराचं पान उलटून बघा, त्यावर मिठाचे बारीक कण चकाकतात. तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. मी चाटून बघितलंय. खारट लागतं.

वाळूच्या किनाऱ्यावर बारीक वाटाण्यासारख्या गोळ्यांची नक्षी दिसते, भोकाभोवती किरणांसारखी. ते इवल्या खेकड्यांचं काम. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्यासारखं ते काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं. ऊन तिरपं असताना मोबाइल वाळूला जवळजवळ टेकवून काढा, प्रत्येक गोळीला सावली पडलेली दिसेल.

मोबाइलचं म्हणाल तर एकच गोष्ट मनापासून सांगते: काच पुसा. माझे वर्षभराचे फोटो धुरकट येत होते. मी कंपनीला शिव्या घातल्या, नवीन फोनचे भाव काढले. दुकानातल्या मुलाने न बोलता शर्टाच्या टोकाने मागची काच पुसली आणि फोन परत दिला. खारा वारा, दुसरं काही नाही. आता पदर किंवा रुमाल आधी, फोटो नंतर. बाकी ज्यावर नजर हवी तिथे बोट दाबून धरा आणि उजेड थोडा कमी करा, म्हणजे आकाश पांढरंफटक पडत नाही. पक्ष्यांच्या मागे मोबाइल घेऊन धावू नका. माडाच्या शेंड्यावरची ब्राह्मणी घार फोटोत ठिपकाच दिसते. मी तांबटाची टुकटुक, भारद्वाजाचा घुमणारा आवाज असं रेकॉर्ड करते. मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखतं. झाडं-किडे ओळखायला आयनॅचरलिस्ट बरं आहे, पण दोन्ही कधीकधी आत्मविश्वासाने चुकतात.

लोक विचारणार, याची तयारी ठेवा. कोकणात रिकाम्या जागेचे फोटो काढणारा माणूस म्हणजे एजंट. मला दोनदा विचारलं गेलंय, “प्लॉट बघताय काय?” सरळ फोटो दाखवायचा. एकदा मी वाळूवर पसरलेल्या जांभळ्या फुलांच्या वेलीपुढे पालथी पडले होते. एक आजी थांबल्या, “काय गो बाय, हरवलं काय?” फोटो दाखवला तर म्हणाल्या, “ही मर्यादवेल. हिच्यापुढं यायची समुद्राला परवानगी नाय.” तेव्हापासून बघते, भरतीची कचऱ्याची रेघ बहुतेक वेळा तिच्या अलीकडेच थांबते. उधाणाला मात्र समुद्र परवानगी विचारत नाही.

पावसाळ्यात किनारा सोडा आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढा. जून-जुलैत कातळावर कोकण दिपकाडीची पांढरी फुलं येतात. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचे निळे पट्टे. त्या नाजूक फुलांची झाडं मुळापाशी बारीक पिशव्यांत किडे पकडतात, हे बघून कुणाला खरं वाटणार नाही. कातळ निसरडा असतो आणि फुलं तुडवली जातात, म्हणून बसायची जागा आधी बघा. कुंपणांवर कळलावी असतेच, तिचं एकच फूल चार दिवस रोज टिपा, पिवळ्याचं लाल होताना दिसेल.

तुमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री टॉर्च आणि फ्लॅश अजिबात नको, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

आज दशमी. साडेसातला भरती, पावणेदोनला ओहोटी, त्या उन्हात कोण जाणार, त्यामुळे मी पाणंदीतल्या आंब्यावरच्या ओंबिलांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, घरटं बघायला निघालेय, पानं शिवून केलेलं. तुम्ही चतुर्दशीला खाडीवर जा, साडेचार-पाचला पाणी पूर्ण उतरलेलं असेल. जुन्या चपला घाला. माझी एक चांगली चप्पल अजून त्या चिखलातच आहे.