जोडताऱ्यांची अखेर

प्रश्न : गंगापूर धरणाच्या काठावरून आम्ही दुर्बिणीतून जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, पाहिले. अशा जोडीतले दोन्ही तारे अतिशय वजनदार असतील, तर शेवटी काय उरते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अधिक वस्तुमानाचा तारा आधी फुगतो आणि त्याचे बाहेरचे थर सोबत्याकडे ओढले जातात, उघडा पडलेला हेलियमचा गाभा पुढे कोसळतो आणि बहुधा स्फोट होऊन त्याचा अवशेष म्हणून न्यूट्रॉन तारा (अतिशय छोटा, दाट गोळा) किंवा कृष्णविवर उरते. मग सोबती फुगतो, आणि कधी कधी हा अवशेष त्याच्या वायूच्या आवरणात बुडूनच फिरू लागतो. त्या घर्षणाने आवरण उधळले जाते व कक्षा कमालीची आक्रसते. माझ्या मते हाच सर्वांत नाजूक टप्पा, कारण इथे दोघे एकमेकांत विलीनही होऊ शकतात. पुढे सोबत्याचा गाभाही कोसळतो; त्या दुसऱ्या स्फोटाच्या धक्क्यातूनही जोडी टिकली, तर दोन अवशेष उरतात. १९७४ साली सापडलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची अशी जोडी पावणेआठ तासांत एक फेरी पूर्ण करते आणि सुमारे ३० कोटी वर्षांनी एकमेकांवर आदळेल.